वीस मिनिटांचं स्टेज

एक बँड उतरून दुसरा चढेपर्यंत वीस मिनिटं. इंग्लंडमधल्या उन्हाळी संगीत महोत्सवात खरी मेहनत या वेळात चालते, आणि प्रेक्षक नेमके तेव्हाच बिअरच्या रांगेत असतात. जुलैत सॉमरसेटमधल्या एका छोट्या महोत्सवात मी ती विंगेतून पाहिली. ताईचा मुलगा तिथे स्टेजहँड होता. वय अठरा, आपल्या बारावीच्या तोडीची ए-लेव्हलची परीक्षा देऊन मोकळा, निकाल ऑगस्टच्या मध्यावर. ताईने मला बजावून पाठवलं होतं, "पुढे शिकणार की पेट्याच उचलणार, ते एकदाचं काढून घे त्याच्याकडून."

बोलायला त्याला सवड कुठली! शेवटचं गाणं चालू असतानाच पुढचा ड्रमसेट चाकांच्या फळीवर मांडून तयार असतो. टाळ्या पडल्या की जुना ढकलत बाहेर, नवा आत. मग माइकच्या केबल स्टेजवरच्या पेटीत नंबराप्रमाणे खोचायच्या. एक नंबर चुकला तर गायकाचा आवाज गिटारच्या चॅनेलवर जातो, म्हणून प्रत्येक माइक टिचकी मारून तपासतात. मी नेमका वाटेत. "मामा, त्या पिवळ्या पट्टीच्या मागे थांब ना!"

नवख्याची पारख मात्र रात्री, आवराआवर करताना होते. आपल्याकडे मांडववाल्यांची पोरं पंजा आणि कोपराभोवती वायर गुंडाळतात. इथे तसं करताना कुणी दिसलं तर त्याच्या हातातून केबल काढूनच घेतात. गोल गुंडाळताना प्रत्येक वेढ्याला पीळ बसतो आणि आतल्या बारीक तारा कालांतराने तुटतात. म्हणून एक वेढा सरळ, पुढचा मनगट आत वळवून उलटा. पहिल्याचा पीळ दुसरा काढतो. अशी केबल एक टोक धरून भिरकावली की सरळ लांब पडते. गुंडाळताना टोक वेढ्यांच्या मधून गेलं तर मात्र गाठींची माळ तयार. हे कॉलेजातही दाखवतात म्हणा, पण मध्यरात्री, चिखलाने माखलेल्या केबलवर नाही.

मैदानात, स्टेजपासून पन्नासेक मीटरवर, स्पीकरचे आणखी दोन मनोरे होते. केबलमधून सिग्नल तिथे लगेच पोचतो, स्टेजवरचा आवाज हवेतून सेकंदाला साधारण 343 मीटरने येतो. मनोऱ्यांचा आवाज सुमारे 146 मिलिसेकंद रोखून सोडला नाही, तर मागच्यांना आवाजाचे दोन थर ऐकू येतात. ऊन उतरलं तशी साउंड इंजिनिअर बाईंनी तो आकडा थोडा वाढवला. पन्नाशीच्या बाई, सोळाव्या वर्षापासून या धंद्यात, पदवी नाही. का वाढवला म्हणून विचारलं तर म्हणाल्या, गार हवेत आवाज रेंगाळतो. भाचा मागून मराठीत पुटपुटला, "वेग केल्विनमधल्या तापमानाच्या वर्गमुळावर जातो, मामा." लगेच फोन काढून त्याने हिशोब केला. दुपारच्या 25 अंशांवरून 12 अंशांवर आलं तर तीनेक मिलिसेकंदांचा फरक. बाईंनी कानाने तेवढाच वाढवला होता. दोघेही खूश. दिवसभरात मी त्याला इतकं खुललेलं पाहिलं नव्हतं, आणि याला शिकायला पाठवलंच पाहिजे हे माझ्यापुरतं तिथेच ठरलं.

पण कधी? इंग्लंडमध्ये 2025-26 साठी विद्यापीठाची तिथल्या मुलांसाठीची कमाल फी वर्षाला 9,535 पौंड होती. बहुतेक मुलं कर्ज काढतात. दुसरीकडे मोठा हंगाम जून ते ऑगस्ट, फार तर सप्टेंबरचा पहिला आठवडा. त्यातही 2026 हे ग्लास्टनबरीसारख्या महोत्सवाचं सुट्टीचं वर्ष. ते मुळात दुभत्या गायींचं शेत, अधूनमधून कुरणाला विसावा देतात. कुरणाला सुट्टी म्हणजे महोत्सवावर पोट असलेल्यांचं मोठं काम गेलं. सरे विद्यापीठात 1970 पासून टोनमाइस्टर नावाचा अभ्यासक्रम आहे. त्यात मध्येच एक अख्खं वर्ष प्रत्यक्ष कामावर काढता येतं. मला हीच वाट शहाणपणाची वाटते. भाच्याला मात्र ते वर्ष आधीच हवं होतं. प्रवेश वर्षभर पुढे ढकलायची मुभा बरीच विद्यापीठं देतात, हे त्याने शोधून ठेवलं होतं. नोव्हेंबरात काय करणार, हे मात्र शोधलं नव्हतं.

ते मी त्यांच्या मुकादमाला विचारलं. डिसेंबरात थिएटरांमधून नाताळची पँटो नाटकं लागतात, तिथे माणसं लागतात, तोवर गोदाम. उन्हाळ्यात वापरलेली प्रत्येक केबल पुसायची, मीटर लावून तपासायची, तुटलेली डाग देऊन जोडायची. पगार तासावर. भाचा म्हणाला, चालेल. मी म्हटलं, मग ते लेखी घे.

रात्री ताईचा फोन. प्रवेश सोडत नाहीये, एक वर्ष मागून घेतोय, एवढं सांगितलं.

"आणि थंडीत काय करणार?"

"गोदामात केबल पुसणार."

"यासाठी फिजिक्सची ट्यूशन लावली होती?" मग थोड्या वेळाने, "तासाला किती देतात?"