क्लायंट-सर्व्हर रचना : एक विद्यार्थी प्रकल्प

रेल्वेचे आरक्षण इंटरनेटवरून करण्याची सोय आयआरसीटीसीने २००२ मध्ये सुरू केली. या व्यवहारात प्रवाशाच्या संगणकातील ब्राउझर हा 'क्लायंट' असतो. तो मागणी नोंदवतो. दूरवरचा 'सर्व्हर' ती तपासून उत्तर देतो. आसनांची अधिकृत नोंद सर्व्हरच्या डेटाबेसमध्येच असते, हे या रचनेचे मर्म होय.

याच धर्तीवर विद्यार्थ्यांना अभ्यासिकेतील आसन-आरक्षणाचा छोटा प्रकल्प करता येईल. त्याचे भाग तीन : एचटीएमएलमधील अर्ज, पायथन किंवा पीएचपीमध्ये लिहिलेला सर्व्हरवरील प्रोग्रॅम आणि आसन, दिनांक व सदस्य क्रमांक नोंदवणारा डेटाबेसमधील तक्ता. ब्राउझर व सर्व्हर यांच्यातील देवाणघेवाण एचटीटीपी या नियमावलीनुसार होते. 'गेट' मागणीने शिल्लक आसने पाहता येतात, तर 'पोस्ट' मागणीने आरक्षण नोंदवले जाते.

खरी कसोटी शेवटच्या आसनाची असते. दोघांनी एकाच वेळी मागणी केल्यास ते आसन दोघांच्याही पडद्यावर रिकामे दिसू शकते. म्हणून आसन व दिनांक यांची जोडी एकदाच नोंदली जाईल, असे बंधन डेटाबेसमध्ये घालावे. मग दुसरी नोंद आपोआप नाकारली जाते. ब्राउझरमधील तपासणी वापरकर्त्याला टाळता येते. त्यामुळे प्रत्येक मागणी सर्व्हरवर पुन्हा तपासणे अनिवार्य ठरते.

दुर्मीळ साधनांचे वाटप हा अर्थशास्त्राचाही मूलभूत प्रश्न आहे. 'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य' हा नियम वरकरणी निःपक्षपाती असला, तरी घरी इंटरनेट असणाऱ्यास तो अधिक अनुकूल ठरतो. काही आसने प्रत्यक्ष येणाऱ्यांसाठी राखून ठेवावीत काय, हा निर्णय संगणकाचा नसून धोरणाचा आहे. प्रकल्पाची आखणी करतानाच तो घेतला पाहिजे.