विश्लेषण : लाळेचा एक नमुना, अख्ख्या कुळाची माहिती

नळीत थोडी लाळ घ्यायची, ती टपालाने प्रयोगशाळेकडे पाठवायची आणि काही आठवड्यांनी आपले पूर्वज कोणत्या प्रदेशातले, कोणत्या आजाराचा धोका अधिक, हे घरबसल्या वाचायचे. अमेरिकेत २००६ साली स्थापन झालेल्या ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या कंपनीने ही जनुकीय चाचणी लोकप्रिय केली. मानवी पेशीतील गुणसूत्रांच्या २३ जोड्यांवरून तिचे नाव पडले. सुमारे दीड कोटी लोकांनी तिच्याकडे नमुने पाठवले. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीसाठी न्यायालयात अर्ज केला, तेव्हा तिची सर्वांत मोलाची मत्ता म्हणजे याच ग्राहकांची जनुकीय माहिती होती.

माहिती विकता येते का?

कंपनीची मालकी बदलल्यास माहितीही नव्या मालकाकडे जाऊ शकते, असे तिच्या गोपनीयता धोरणात नमूद होते. कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी नागरिकांना आपली माहिती पुसून टाकण्याच्या हक्काची जाहीर आठवण करून दिली. दोन डझनांहून अधिक राज्यांनी ग्राहकांच्या स्पष्ट संमतीविना होणाऱ्या विक्रीला न्यायालयात आव्हान दिले. लिलावात ‘रीजेनेरॉन’ या औषधनिर्मिती कंपनीने २५.६ कोटी डॉलरची बोली लावली होती. अखेर सहसंस्थापक ॲन वोजिकी यांच्या ना-नफा संस्थेने ३०.५ कोटी डॉलरना व्यवहार जिंकला आणि जुलै २०२५ मध्ये तो पूर्ण झाला. रुग्णालये, डॉक्टर व विमा कंपन्यांना बांधून ठेवणारा अमेरिकेचा आरोग्य-गोपनीयता कायदा अशा थेट ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या चाचण्यांना सहसा लागू होत नाही, हेही या निमित्ताने अनेकांना प्रथमच कळले.

एकाची संमती, अनेकांची माहिती

त्याआधी, २०२३ मध्ये, याच कंपनीतून माहिती चोरीला गेली होती. इतरत्र फुटलेले पासवर्ड वापरून चोरांनी सुमारे १४ हजार खाती उघडली. मात्र जनुकीय नातलग शोधून देणाऱ्या सुविधेमुळे त्या खात्यांतून सुमारे ६९ लाख लोकांच्या माहितीपर्यंत त्यांना पोहोचता आले. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. डीएनए बदलता येत नाही.

याचे मूळ आनुवंशिकतेत आहे. आई किंवा वडील आणि अपत्य यांचा निम्मा डीएनए सामाईक असतो, सख्ख्या भावंडांचा सरासरी निम्मा, तर चुलत-मावस भावंडांचा सरासरी साडेबारा टक्के. त्यामुळे एकाने नमुना दिला, तर ज्यांना कोणी विचारलेच नाही त्या नातलगांविषयीही काही ना काही उघड होते. अमेरिकेत १९७० आणि ८० च्या दशकांतील खून-बलात्कारांचा आरोपी २०१८ मध्ये सापडला तो याच मार्गाने. त्याने स्वतः कोणतीही चाचणी केली नव्हती. ‘जीईडीमॅच’ या संकेतस्थळावर त्याच्या दूरच्या नातलगांचा डीएनए आढळला आणि वंशावळी जुळवत पोलीस त्याच्यापर्यंत पोहोचले. गुन्हेगार सापडला, हे समाधानाचेच. पण हीच वाट निरपराधांच्या घरापर्यंतही जाते.

आपल्याकडे कोकणात व गोव्यात अनेक घराण्यांनी कुलवृत्तांत छापले आहेत. कोण कोणाचा मुलगा, लेक कोणत्या घरी दिली, मूळ गाव कोणते, हे सारे त्यांत नावानिशी असते. पूर्वजांविषयीच्या आदरातून तयार झालेले हे ग्रंथ डीएनएच्या अहवालाशेजारी ठेवले, की निनावी नमुन्याला नाव मिळणे फारसे अवघड राहत नाही.

मालकी कोणाची?

जॉन मूर या रुग्णाच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या प्लीहेतील पेशींपासून डॉक्टरांनी पेशीमालिका विकसित करून तिचे पेटंट मिळवले. मूर यांनी दावा लावला. १९९० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला : शरीराबाहेर काढलेल्या पेशींवर रुग्णाची मालकी नाही, मात्र आपला आर्थिक हितसंबंध रुग्णाला सांगणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मालकी सिद्ध करणे कठीण, म्हणून संमतीचा आग्रह अधिक, असा याचा व्यवहारी अर्थ. पण संमती एकाची आणि माहिती साऱ्या घराण्याची, हा पेच त्यातूनही सुटत नाही.

भारतात काय?

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये गोपनीयता हा मूलभूत हक्क मानला. २०१९ च्या विदा संरक्षण विधेयकात जनुकीय माहिती ‘संवेदनशील’ गटात होती. ते मागे घेतल्यानंतर आलेल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात असा वेगळा गटच नाही. संमती मागे घेण्याचा आणि माहिती पुसण्याची मागणी करण्याचा हक्क या कायद्याने दिला आहे. तथापि नातलगांच्या हिताची स्वतंत्र तरतूद त्यात दिसत नाही. गुन्हे तपास आदी कामांसाठीच्या डीएनए चाचण्यांचे नियमन करणारे २०१९ चे विधेयकही २०२३ मध्ये मागे घेण्यात आले.

नमुना देण्यापूर्वी

वैद्यकीय कारणासाठी चाचणी हवी असेल, तर डॉक्टर व जनुकीय समुपदेशकाच्या सल्ल्याने करावी. केवळ कुतूहलापोटी करायची असेल, तर काही गोष्टी आधी वाचून घ्याव्यात : लाळेचा नमुना नष्ट करतात की साठवतात, संशोधनासाठीची संमती वेगळी घेतात का, कंपनी विकली गेल्यास काय होईल. संमती मागे घेतली तरी पूर्ण झालेल्या संशोधनातून माहिती परत काढता येत नाही, हे ध्यानात ठेवावे. नातलग शोधण्याची सुविधा बंद ठेवावी. आणि लाळेची नळी टपालात टाकण्याआधी घरातल्यांना, निदान भावंडांना, एकदा विचारावे.