भूल देणाऱ्या डॉक्टरांची वाट

पोलादपूर आणि महाबळेश्वर यांना जोडणारा आंबेनळी घाट हा सुमारे ४० किलोमीटरचा रस्ता असून त्याच्या आसपासच्या वाड्यांतील कर्ती माणसे बहुधा मुंबईत असतात आणि घरी राहिलेली म्हातारी माणसे पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवरून घसरली की खुब्याचे हाड मोडते. अशा रुग्णाच्या हाती आज आरोग्य योजनेचे कार्ड असते आणि ‘पाच लाखांपर्यंत मोफत’ हे शब्द त्याच्या घरच्यांना पाठ असतात. मात्र मोडलेले हाड बसवण्यापूर्वी शरीराची वेदना थांबवणारा भूलतज्ज्ञ, म्हणजेच लोकांच्या भाषेत ‘भूल देणारे डॉक्टर’, कोठून आणि कधी येणार, या प्रश्नाचे उत्तर त्या कार्डावर नसते.

पोलादपूर ज्या रायगड जिल्ह्यात येते, त्याच्याशी या योजनेचे नाते जुने आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत रायगड होता. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे नाव मिळाले, २०२० मध्ये ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली आणि २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने राज्यातील सर्व कुटुंबांना दरवर्षी पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण जाहीर झाले. बरोबर पाच वर्षे आधी, २८ जुलै २०१८ रोजी, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस याच आंबेनळी घाटात कोसळून ३० जण मृत्युमुखी पडले होते आणि एकच जण वाचला होता. त्या दुर्घटनेत दरीतून मृतदेह वर काढणारे गिर्यारोहक दोन्ही बाजूंनी धावून आले, आणि त्यांचे कौतुक झाले ते योग्यच होते. परंतु दरीतून जिवंत वर आलेल्या माणसाला शस्त्रक्रियेच्या टेबलावर जिवंत ठेवणाऱ्याची गणती अशा प्रसंगी कोणी करत नाही.

योजनेची रचना अशी की ती डॉक्टरांना नव्हे, रुग्णालयांना अंगीकृत करते, म्हणजे करार करून आपल्या यादीत घेते, आणि प्रत्येक शस्त्रक्रियेसाठी एक ठरावीक रक्कम देते, जिला पॅकेज म्हणतात. खाट, औषधे, तपासण्या, जेवण, शल्यचिकित्सकाचे मानधन आणि भूलतज्ज्ञाचे मानधन हे सारे त्या एका रकमेत बसवायचे असते. मोठ्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ पगारावर असतो आणि प्रश्न उद्भवत नाही. तालुक्याच्या गावी मात्र तो बहुधा फिरता असतो: स्वतःची औषधे, श्वासनलिकेत घालायच्या नळ्या आणि घसा पाहण्याचा लॅरिंगोस्कोप बॅगेत घेऊन तो एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात जातो आणि प्रत्येक केसमागे पैसे घेतो. योजनेच्या केसचे पैसे दावा मंजूर झाल्यावर आधी रुग्णालयाकडे आणि तेथून त्याच्याकडे येतात, रोखीच्या केसचे त्याच संध्याकाळी येतात. अशा स्थितीत दिवसाच्या यादीत योजनेचा रुग्ण खाली सरकला, तर त्यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही, आणि याचा सारा दोष भूलतज्ज्ञाच्या माथी मारणे हे आळशीपणाचे आहे.

कारण त्याचे काम जवळून पाहिले असता त्याची किंमत केसमागे मोजणे किती अपुरे आहे हे ध्यानात येते. रक्तदाब, साखर, हृदयाचा आलेख, तोंड किती उघडते आणि शेवटचे कधी खाल्ले, हे तो आधी पाहतो. खुब्याच्या शस्त्रक्रियेत अनेकदा कमरेखालची भूल दिली जाते: रुग्णाला कुशीवर किंवा बसते करून पाठीच्या खालच्या मणक्यांमधून बारीक सुई आत जाते, तिच्या टोकाशी मज्जारज्जूभोवतालच्या द्रवाचा पाण्यासारखा नितळ थेंब दिसला की औषध सोडले जाते, आणि मग स्पिरिटचा बोळा पायावर टेकवून विचारले जाते, “आजी, थंड लागतंय का?” स्पिरिटच्या वासाने भरलेल्या त्या खोलीत या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे येईपर्यंत शल्यचिकित्सकाचा चाकू थांबलेला असतो. त्यानंतर रक्तदाब घसरतो, तो सावरावा लागतो. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचा, म्हणजे रक्तातील प्राणवायू मोजणाऱ्या यंत्राचा, सूर प्राणवायू कमी होताच खाली उतरतो. त्यामुळे भूलतज्ज्ञ सलाईनकडे पाहत असला तरी त्याचा कान त्या सुरावर असतो. शल्यचिकित्सकाचे नाव रुग्णाच्या घरचे वर्षानुवर्षे घेतात, तर उशाशी बसून कानाने पहारा देणाऱ्याचे नाव त्यांना बहुधा ठाऊकही नसते.

सरकारी रुग्णालयांसाठी भूलतज्ज्ञांच्या टंचाईवर दोन उपाय निघाले. राष्ट्रीय आरोग्य अभियानातून खासगी भूलतज्ज्ञाला केसमागे मानधन देऊन बोलावता येते. तसेच एमबीबीएस डॉक्टरांना तातडीच्या बाळंतपणातील भूल देण्याचे काही महिन्यांचे प्रशिक्षण दिले जाते. भूलशास्त्रातील एमडीच्या तीन वर्षांपुढे हे काही महिने म्हणजे अडलेल्या बाईचा जीव वाचवण्यापुरती शिदोरी आहे. हृदयविकार असलेल्या ऐंशी वर्षांच्या म्हातारीचा खुबा त्या शिदोरीवर निभावता येत नाही. म्हणून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका पोलादपूरहून महाडला आणि तेथून माणगाव, अलिबाग वा कामोठ्याकडे, किंवा उलट दिशेने कशेडी घाट ओलांडून डेरवणकडे निघते, जेथे वैद्यकीय महाविद्यालयामुळे भूलशास्त्राचा स्वतंत्र विभाग असतो. पाच लाखांचे संरक्षण असलेला रुग्ण अशा रीतीने संरक्षणासह, पण मोडलेल्या हाडाने, महामार्गावर असतो. सोबतच्या माणसाचा बुडालेला रोजगार आणि त्याचे जेवण पाच लाखांतून मिळत नाही.

योजनेच्या संकेतस्थळावर अंगीकृत रुग्णालयांची जिल्हावार यादी आणि त्यांच्या वैद्यकशाखा दिसतात. त्याच यादीत भूलतज्ज्ञ पूर्णवेळ आहे की बोलावला जातो, एवढा एक रकाना वाढवण्यास फारसा खर्च नाही आणि भुलीचे मानधन पॅकेजमधून वेगळे काढून थेट त्याच्या खात्यात वेळेवर जमा करण्यासही तांत्रिक अडचण असू नये. तोपर्यंत तारीख घेण्यापूर्वी रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेने नेमलेल्या साहाय्यकाला, दोन प्रश्न विचारावेत: भूल कोण देणार, आणि ते त्या दिवशी नक्की येणार का. भुलीचे पैसे वेगळे मागितले गेले तर ते देऊ नयेत, कारण ते पॅकेजमध्ये धरलेले आहेत. तक्रारीसाठी योजनेचा क्रमांक १५५३८८ आहे.