नकाशावरचे लाल ठिपके

रमजानचा दुसरा अशरा, म्हणजे मगफिरतीचे, क्षमायाचनेचे दहा दिवस सुरू होते. जैवमाहितीशास्त्राच्या विद्यार्थ्यांशी बोलायला आमच्या महाविद्यालयात एक निवृत्त ज्येष्ठ शास्त्रज्ञ आले होते. मी उर्दू शिकवणारा माणूस; कुतूहल म्हणून मागच्या बाकावर जाऊन बसलो.

भाषणानंतर एका मुलीने विचारले, "सर, मी संगणकावर एका प्रथिनाची रचना तयार केली. पण रामचंद्रन आलेखात तीन लाल ठिपके भलत्याच जागी येतात. प्रकल्पातून ते काढून टाकले तर चालतील का?" वर्गात हशा पिकला. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी खडू उचलला आणि त्या आलेखाचीच गोष्ट सांगितली.

१९५२ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रास विद्यापीठात आले होते. आपली त्वचा आणि हाडे घट्ट धरून ठेवणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाची रचना अजून नीट उलगडलेली नाही, असे ते बोलता बोलता म्हणाले. तरुण प्राध्यापक जी. एन. रामचंद्रन यांनी ते मनावर घेतले. १९५४ मध्ये त्यांनी गोपीनाथ कर्था यांच्यासह तीन साखळ्यांची रचना मांडली. तेवढ्यात फ्रान्सिस क्रिक आणि अलेक्झांडर रिच यांनी आक्षेप घेतला : या रचनेत काही अणू एकमेकांच्या फारच जवळ आले आहेत.

रामचंद्रन यांनी त्या आक्षेपाचाच अभ्यास केला. दोन अणू जास्तीत जास्त किती जवळ येऊ शकतात? मग प्रथिनाची साखळी कुठे वळू शकेल, कुठे नाही? रामकृष्णन आणि शशिशेखरन यांच्यासह केलेल्या या हिशेबातून १९६३ मध्ये तो आलेख प्रसिद्ध झाला. तीन साखळ्यांची मूळ कल्पना टिकली, आणि टीकेतून जन्मलेल्या त्या नकाशावर आज जगभरच्या प्रथिनांची रचना पारखली जाते.

"म्हणून ठिपका पुसू नकोस," सर त्या मुलीला म्हणाले. "तिथे ग्लायसिन असेल, तर कदाचित ठिपका बरोबरच असेल. त्याला इतरांसारखी बाजूची साखळी नसते, त्यामुळे ते जास्त मोकळेपणी वळते. ग्लायसिन नसेल, तर पुन्हा तपास. आणि तरीही ठिपका हलला नाही, तर तो तसाच दाखव."

घरी जाताना 'मुहासबा' हा शब्द मनात घोळत राहिला. मुहासबा म्हणजे स्वतःचा स्वतःशी हिशेब. रोजा म्हणजे केवळ उपाशी राहणे नव्हे, दिवसभराच्या वागण्याची झडती घेणेही आहे, हे आम्हाला लहानपणापासून सांगितलेले. पण झडती घेताना आपण नेमके लाल ठिपके पुसून टाकतो.

माझाही एक ठिपका होता. महिन्यापूर्वी एका सहकाऱ्याने माझ्या लेखातली चूक चारचौघांत दाखवली होती. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलणे टाकले होते. चूक मात्र खरीच होती.

त्या संध्याकाळी खजूर तोंडात टाकला, पाणी प्यालो, नमाज झाली आणि त्याला फोन लावला. "काय रे, आज कशी आठवण झाली?" त्याने विचारले.

"ती चूक," मी म्हणालो, "पुन्हा एकदा नीट समजावून सांग."