जमिनीवर चालणारीं विमानें

वर्धा जिल्ह्यांतील मनुष्याला विमानानें जावयाचें झालें म्हणजे बहुधा नागपूरचा सोनेगांव विमानतळ गांठावा लागतो. ह्याच सोनेगांवला १९४९ सालीं रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास येथून निघालेलीं विमानें रात्रीं येथें एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई, आणि उजाडण्यापूर्वीं पत्रें आपापल्या वाटेला लागत. आकाशांत ह्या चार वाटा एकमेकींच्या आड येत नव्हत्या. दाटी व्हावयाची ती जमिनीवर, विमानें उभीं करण्याच्या एका पटांगणांत.

विमानाची घडण उडण्यासाठीं असते. चालणें हें त्याला नाइलाजानें करावें लागतें. त्या काळच्या डाकोटा विमानाचें तिसरें चाक शेपटीखालीं असे. त्यामुळें जमिनीवर त्याचें नाक वर उचललेलें राही आणि वैमानिकाला नेमकें समोरचेंच दिसत नसे. नाक डावीउजवीकडे वळवीत, नागमोडी चालीनें, त्याला वाट पाहत जावें लागे. पुढें चाक नाकाखालीं आलें आणि समोरचें दिसूं लागलें. पण वेगासाठीं पंख मागें झुकविले गेले, आणि अडचण समोरून निघून पाठीमागें जाऊन बसली.

हिंगणघाटच्या बाजारांत कापसानें भरलेली बैलगाडी वळतांना ज्यानें पाहिली असेल, त्याला ही अडचण समजावून सांगावी लागणार नाहीं. गाडीवान समोर पाहून बैल वळवितो. चाकांच्या मागें बाहेर आलेला भार मात्र वळणाच्या उलट बाजूस सरकतो आणि शेजारच्या गाडीला घासतो. मागें झुकलेल्या पंखाचें टोंकहि असेंच, वळतांना बाहेरच्या बाजूला अधिक जागा घेतें. एअरबस ३२० ह्या मध्यम विमानाचे पंख टोंकापासून टोंकापर्यंत सुमारें ३६ मीटर भरतात, आणि तीं टोंकें वैमानिकाच्या पाठीमागें बरींच दूर असतात. शिवाय गाडीवानाला बैल मागें रेटतां येतात; विमानाला मागें ढकलावयास एरव्हीं ट्रॅक्टरच आणावा लागतो.

म्हणून जमिनीवर पिवळी रेघ आंखलेली असते. नाकाचें चाक रेघेवर ठेवलें म्हणजे पंख सुरक्षित, असा हिशेब. उभें राहण्याच्या जागीं ह्या आकाराच्या विमानाभोंवतीं किमान साडेचार मीटर मोकळी जागा असावी, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. परंतु हा हिशेब शेजाऱ्याच्या भरंवशावर चालतो. शेजारचें विमान आपल्या खुणेच्या अलीकडेच थांबलें, त्याची शेपटी मागें वाटेंत राहिली, तर रेघ बिनचूक पाळणाराहि तिच्यावर जाऊन आदळेल. मनोऱ्यांतील नियंत्रक कोणत्या वाटेनें जावें हें सांगतो. दोन पंखांमधील अंतर त्याला तेथून, विशेषतः रात्रीं, नेमकें मोजतां येत नाहीं.

२७ मार्च २०२४ रोजीं कोलकाता विमानतळावर एअर इंडिया एक्सप्रेसचें चेन्नईला निघालेलें बोइंग ७३७ विमान धांवपट्टीवर जाण्याच्या परवानगीची वाट पाहत उभें होतें. दरभंग्यास निघालेलें इंडिगोचें एअरबस जवळून जातांना त्याचा पंख ह्या उभ्या विमानाच्या पंखाला लागला. बोइंगच्या पंखाचा कांहीं भाग तुटून खालीं पडला. कोणालाहि इजा झाली नाहीं. एअरबसच्या दोन्ही वैमानिकांना कामावरून दूर ठेवून चौकशी सुरू झाली. त्यापूर्वीं, ११ एप्रिल २०११ रोजीं, न्यूयॉर्कला एका प्रचंड एअरबस ३८० विमानाच्या पंखानें लहान विमानाच्या शेपटीला धक्का दिला, तेव्हां प्रवाशांसकट तें लहान विमान जागच्या जागीं फिरलें होतें. सुमारें ८० मीटर पंखविस्ताराच्या ह्या विमानाचा धक्का कसा असेल, हें त्यावरून कळावें.

अशी टक्कर ऐकावयास किरकोळ वाटते, पण पंखांच्या पोटांत इंधन भरलेलें असतें. धातूच्या पत्र्याला पोंचा पडला तर तो दिसतो तरी. अलीकडे कर्बतंतूंचे थर चिकटवून जे भाग बनवितात, त्यांत वरून साधा ओरखडा दिसावा आणि आंत थर सुटलेले असावे, असें घडूं शकतें. त्यामुळें पंखाला पंख नुसता घासला तरी दोन्ही विमानें थांबवितात, प्रवासी उतरवितात आणि तज्ज्ञांची तपासणी पुरी होईपर्यंत उड्डाण होत नाहीं.

जागा फारच अडचणीची असेल तेथें आजहि पंखाच्या टोंकाशीं एक मनुष्य पायीं चालतो, आणि नाकासमोर दुसरा हातांत दोन दिवे घेऊन उभा राहतो. त्यानें ते डोक्यावर आडवेतिडवे धरले कीं वैमानिकानें, मनोऱ्याकडून कांहींहि ऐकलेलें असो, तेथेंच थांबावयाचें असतें.