नियम थोडे, होड्या अनेक : 'मॉथ'ची गोष्ट

शिडाच्या होड्यांच्या शर्यती दोन तऱ्हेच्या असतात. 'लेझर'सारख्या वर्गात सगळ्या होड्या एकाच नमुन्याच्या. तिथे कस लागतो तो फक्त खलाशाचा. दुसऱ्या तऱ्हेत नियम केवळ मर्यादा सांगतात. त्या मर्यादेत होडी कशीही बांधा! 'मॉथ' हा असाच एक वर्ग.

1928 साली ऑस्ट्रेलियातल्या इन्व्हरलॉक इथे लेन मॉरिस यांनी 11 फुटांची, चपट्या तळाची, एका शिडाची होडी बांधली. मॉथची सुरुवात ती. पुढे लांबी, रुंदी आणि शीड यांना मर्यादा आल्या, पण होडी किमान किती वजनाची असावी हे नियमांत नाही. तळाचा आकारही मोकळा.

आता अडचण बघा. होडी पुढे जाताना स्वतःच लाट उठवते आणि त्या लाटेत अडकते. होडी जितकी आखूड, तितकी ही अडचण लवकर येते. 11 फुटांच्या होडीला ती ताशी साधारण 8 किलोमीटरलाच गाठते. लांबी तर वाढवता येत नाही. मग करायचं काय?

पहिली युक्ती : तळ चपटा ठेवायचा, म्हणजे वाऱ्याच्या जोरावर होडी पाण्यावरून घसरते. दुसरी : होडी अगदी अरुंद करायची, म्हणजे लाटच लहान उठते. पण अरुंद होडी कलंडते! म्हणून दोन्ही बाजूंना पंख आले. त्यांवर बाहेर बसून खलाशी तोल सांभाळतो.

तिसरी युक्ती सर्वांत धाडसी. पाण्याखाली विमानाच्या पंखासारखं फॉइल लावायचं. वेग आला की ते होडीला उचलतं आणि तळ पाण्याबाहेर येतो. तळच हवेत, मग लाट उठवणार कोण?

2001 च्या जागतिक स्पर्धेत ब्रेट बर्व्हिल यांनी बाजूंनी तिरप्या उतरणाऱ्या फॉइलांवर दोन फेऱ्या जिंकल्या. पुढे ही रचना नियमबाह्य ठरली. ती एकाहून जास्त तळांची होडी होते, असं मानलं गेलं. मधोमध, तळाखाली लावलेली फॉइलं मात्र चालली. त्यांवर रोहन व्हील यांनी 2005 ची जागतिक स्पर्धा जिंकली. त्यानंतर जुन्या होड्यांना जिंकणं जवळपास अशक्य झालं.

मोकळीक फुकट मिळत नाही, बरं का! कालची मेहनतीने बांधलेली होडी आज मागे पडते. तरीही मॉथवाल्यांनी हा बदल स्वीकारला.

विचार करा : तुम्ही नियम करणारे असता, तर फॉइलला परवानगी दिली असती का? कारणासह वहीत लिहा.