गळाला लागून सोडलेला मासा जगतो काय?

हौसेखातर गळ टाकणारी मंडळी पकडलेला मासा पुष्कळदा पुन्हा पाण्यात सोडतात. महसीरच्या बाबतीत हा रिवाज विशेष पाळला जातो, व तो योग्यच होय. लोणावळ्यानजीक वळवण येथे महसीरचे बीज कष्टाने तयार करून ते जलाशयांत सोडले गेले आहे. त्यातून वाढलेली एकेक अंड्यांची मादी मोलाची असते. परंतु शेपटी हलवून मासा दिसेनासा झाला म्हणजे तो वाचलाच असे नव्हे. पुष्कळ मासे काही तासांनी तळाशी मरतात आणि सोडणाऱ्यास त्याचा पत्ताही लागत नाही.

कॅनडातील दोघा संशोधकांनी १९९२ साली रेनबो ट्राउट माशांवरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दमेपर्यंत पळवून पाण्यातच ठेवलेल्या माशांपैकी बारा तासांत शेकडा १२ मेले. दमल्यावर तीस सेकंद हवेत धरलेल्यांपैकी शेकडा ३८ मेले, तर साठ सेकंद धरलेल्यांपैकी शेकडा ७२! ट्राउट हा थंड पाण्यातील मासा असल्याने हेच आकडे आपल्या रोहू-कटल्यास लागू पडतील असे नाही. कारण मात्र तेच आहे. पाण्याबाहेर कल्ल्यांच्या नाजूक पाकळ्या एकमेकींस चिकटतात व श्वसन जवळजवळ थांबते. तेही झुंजीने रक्तात आम्ल साचले असताना. छायाचित्राच्या हौसेपायी एक मिनिट सहज जाते, हे ध्यानात घ्यावे.

उन्हाळ्यात धोका वाढतो. १५ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे १० मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३० अंशांस तो साडेसातच्या आसपास येतो. म्हणून ज्यांच्या तळ्यावर हौशी मंडळी येतात, त्या शेतकरी बंधूंनी चैत्र-वैशाखात दुपारी गळ टाकू देऊ नये.

दोरी मजबूत असावी, म्हणजे झुंज लांबत नाही. गळाच्या टोकामागील उलटा काटा पकडीने दाबून टाकावा. हात ओले केल्याविना माशास स्पर्श करू नये, कारण कोरड्या हाताने अंगावरील बुळबुळीत थर निघतो आणि तेथे बुरशी धरते. गळ पोटात गेला असल्यास ओढण्याचा हट्ट न धरता दोरी तोंडाशी कापावी. कित्येक मासे तो गळ पुढे आपणच टाकून देतात. मासा पाण्यात सरळ धरून ठेवावा आणि त्याने स्वतः जोर केला, तरच हात सोडावा.